काठीवरची ओळ

६ ऑक्टोबर

काकू आली होती. एकोणीस वर्षांनी.

दार मी उघडलं म्हणून बरं झालं. कापडात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी छातीशी धरून पायरीवर उभी होती. "भावोजी कुठेत?" हा पहिला प्रश्न, तोही कुजबुजत. बाबा मागच्या खोलीत कानस घासत होते, आवाज येत होता. बोलावते म्हटलं तर तिने माझं मनगटच धरलं. "नको गं बाई. अजून मला धीर नाही."

काका जाऊन सहा महिने झाले. तेव्हा मी आणि मास्तर, म्हणजे माझा नवरा, जाऊन आलो होतो, त्यांनी शाळेतून अर्धी रजा काढली होती. बाबा आले नाहीत. 'जिवंतपणी गेलो नाही, आता कोणतं तोंड घेऊन जाऊ,' एवढंच म्हणाले आणि तीन दिवस जेवणाच्या ताटाशी भांडत बसले.

कापडात गळाची काठी होती. बांबूच्या सहा कामट्या जोडून केलेली, तीन तुकड्यांची, वर एक जादा शेंडा. वार्निश काळं पडून गुळाच्या काकवीसारखं झालेलं.

"ह्यांनी भावोजींसाठी केलेली," काकू म्हणाली. "भांडणानंतर पाच वर्षांनी. द्यायला म्हणून निघायचे, जोडे घालायचे, आणि जोडे काढून परत बसायचे. मग कपाटात गेली ती गेलीच. मुठीच्या वर काहीतरी लिहिलंय बघ."

"काय?"

"मी वाचलं नाही. मला लिहिलेलं नव्हतं ते. आता तर काळं झालंय, वाचता यायचंही नाही. तू नीट कर, अक्षरं उजळ कर, आणि मग त्यांच्या हातात दे. अशी मळकी नको देऊस, हे वर बसून माझ्या नावाने शंख करतील. झाली की कळव, मी येते. वाचताना भावोजींच्या तोंडावर काय उमटतं ते मला बघायचंय. ह्यांच्या वतीने."

लहानपणी माझ्या वेण्या हीच घालायची. जाताना तिने माझे केस नुसते मागे सारले आणि म्हणाली, "पांढरे झाले की गं."

८ ऑक्टोबर

काठी मी इतर ग्राहकांच्या काठ्यांमध्ये मांडणीवर ठेवून दिली आहे. झाड लपवायचं तर रानात.

नकाशाच्या कचेरीतली नोकरी सोडून बाबांच्या हाताखाली आले त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. लोकांना आमचं काम समजावता समजावता पुरेवाट होते. जुन्या काठ्या येतात. त्या कोणी केल्या हे आधी ओळखायचं, मग त्या कारागिराने केलं असतं तसंच दुरुस्त करायचं. मास्तर म्हणतात, "ह्या घरात कोणी मासा खात नाही, आणि मासे धरायच्या काठ्या शंभर. टकल्याने कंगव्यांचं दुकान काढावं तसं."

आज एका वकिलाने काठी आणली. आजोबांची, कोणी केली माहीत नाही. बाबांनी ती नुसती हातात घेतली. अंगठा खालून वर नेला, पितळी जोड ओढून काढला तेव्हा 'टप' झालं ते मान वाकडी करून ऐकलं, नखाने तीन ठिकाणी वाजवली. "नदीपलीकडच्या चुलत्या-पुतण्यांची. पुतण्याची. मधल्या तुकड्यात सरस सुटलाय, वीतभर." मी भिंगाने बघितलं तर खरंच, केसाएवढी फट. वकील बघतच राहिला. डोळे मिटूनही ओळखाल तुम्ही, तो म्हणाला. बाबा हसले. "डोळ्याला वार्निश फसवतं. बोटाला कोणी फसवत नाही."

इतकं येत असताना ह्या माणसाला एकट्याचं नाव कशाला लागलं, हे मला कधी कळलं नाही. भांडण तेवढ्यावरूनच झालं. प्रदर्शनात काठ्या मांडल्या, दोघा भावांच्या हातच्या, आणि बाबांनी मुठीवर शाईने फक्त स्वतःचं नाव घातलं. काका आधीपासून म्हणायचे, कामाला तोंड असतं, शाई कशाला. स्वतः त्यांनी जन्मात एका काठीवर अक्षर लिहिलं नाही. पण नाव नको म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याचं एकट्याचं बघणं वेगळं. त्या संध्याकाळी ते आपला रंधा तेवढा घेऊन गेले.

आणि आता त्यांच्याच काठीवर शाई. काय लिहिलं असेल? क्षमा, की हिशेब चुकता? मला भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर उत्सुकता जास्त वाटते. बाबा एकोणीस वर्षं ह्याचीच वाट बघताहेत. बोलत नाहीत, पण दारावर थाप पडली की त्यांची कानस अजून थांबते.

९ ऑक्टोबर

बाबांनी आज ती काठी हातात घेतली. मी समोरच होते.

बराच वेळ धरून बसले. बांबूची पेरं एका रेषेत आली तर काठी तिथेच मोडते, म्हणून कामट्या मागेपुढे सरकवून जोडतात. बाबांच्या काठीत पेरं जिन्यासारखी चढत जातात. काकांच्या काठीत तीन इथे, तीन तिथे, अशी. बाबांचा अंगठा त्या तिनांवर गेला, पुढच्या तिनांवर गेला, परत आला.

"कोणी दिली?"

"एक बाई देऊन गेल्या."

"किती वयाच्या?"

"तुमच्याएवढ्या असतील."

"हं." मग म्हणाले, "ठीक आहे काम."

ठीक! एरवी एकेका काठीवर तासभर बोलणारा माणूस. ओळखली नाही त्यांनी. हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही. सख्ख्या भावाचा हात विसरतो माणूस?

१२ ऑक्टोबर

बाबांनी माझी परीक्षा घ्यायचं नवीन खूळ काढलंय. वकिलाच्या काठीवर जुन्या रंगाचा रेशमी दोरा गुंडाळायचा होता. दोन रिळं माझ्यासमोर धरली. "कोणता म्हणशील?" मी म्हटलं, डावा, उजवा जरा विटकरी आहे. "शाबास," म्हणाले आणि डावा घेतला. मोजमापंही आता मीच वाचायची. "तुझा डोळा तयार व्हायला हवा," म्हणतात. शाबासकी मिळते तर माझी तक्रार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मिळते आहे.

वर्तमानपत्र मात्र बंद केलं. "त्यात असतं काय? कालचीच भांडणं आज शिळी करून वाढतात." आता सकाळी मी मोठ्याने वाचते आणि ते चहा पिता पिता शेरे मारतात.

मास्तर कुरकुरत होते. "तुझे बाबा बुद्धिबळात लबाडी करायला लागलेत. सगळ्या सोंगट्यांना आधी हात लावून बघतात. जिला हात लावला ती चालवली पाहिजे, नियम आहे." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला सवलत द्या. तर म्हणे, "सवलत कसली, तरी तेच जिंकतात!"

पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला त्याच्या मुलांनी घरी बसवलं. हात कापतो म्हणून. दुकान बंद, हत्यारं विकली. ही बातमी मी सहज सांगितली, तर बाबा केवढे चिडले! "कारागिराचं एक काही गेलं की घरचे लोक उरलेलं सगळं काढून घेतात. काळजी म्हणे! काळजी!" आणि उठून गेले. मी काय केलं होतं?

१४ ऑक्टोबर

भिंगाखाली, खिडकीच्या उजेडात काठी तिरपी धरली तेव्हा पहिला शब्द दिसला. 'धाकट्यास'. बारीक टाकाने लिहिलेला, काकांचं उभट अक्षर. पुढे ओळ होती, पण वार्निशचा ओघळ तिच्यावर बसलेला. एक वेलांटी, एक लांब काना, आणखी काही नाही.

धाकट्या. काका बाबांना ह्याच नावाने हाक मारायचे. सत्तरीतल्या माणसाला धाकट्या म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

शाई वार्निशच्या खाली असते. वार्निश उतरवायच्या कापडाने अक्षरं गेली की ती परत आणायला कोणताही उपाय नाही. म्हणून आमच्याकडे पहिला नियम: अक्षरांवर आधी मेणकागदाची पट्टी बांधायची, बाकी काठी साफ करायची, आणि शेवटी ती अक्षरांची जागा कापसाच्या बोळ्याने, श्वास रोखून. हा नियम मला बाबांनी पहिल्या दिवशी शिकवला.

पण उद्या नणंदेकडे जायचंय, तिचं ऑपरेशन आहे. तीन दिवस. घाईत हे काम करायचं नाही. बाबांना तोंडाने सांगितलं तर 'कोणाची काठी' हा प्रश्न येणार, आणि खोटं बोलताना माझे कान लाल होतात. म्हणून चिठ्ठी लिहिली. मांडणीच्या बरोबर वर खिळ्याला लावली, जिथे आम्ही कामांची यादी लावतो. 'तीन नंबरच्या काठीवर मुठीशी शाईची अक्षरं आहेत. मी येईपर्यंत हात लावू नये.' ठळक अक्षरात.

१८ ऑक्टोबर

दुपारी आले. बाबा दारातच. असा चेहरा मी त्यांचा लहानपणी बघितलेला, पतंग कापून आणला की व्हायचा तसा. "ये, ये. आधी आत ये. पिशव्या राहू दे." मला जवळजवळ ओढतच कारखान्यात नेलं. टेबलावर काकांची काठी. बुडख्यापासून शेंड्यापर्यंत उघडी, स्वच्छ, मधाच्या रंगाची. तीन दिवस खपले होते. जुने दोरे सोडवलेले, पितळ चकचकीत.

"बघ तरी! एकाही कामटीला ओरखडा नाही. हात लावून बघ."

मी मुठीच्या वर बघितलं. नुसता बांबू.

"अक्षरं कुठेत?"

"कसली अक्षरं?"

"बाबा, इथे अक्षरं होती. मुठीवर. मी चिठ्ठी लावून गेले होते!"

"चिठ्ठी," ते म्हणाले. नुसताच तेवढा शब्द.

"ही काय समोर आहे! ही काठी काकांची आहे, बाबा. काकू घेऊन आली होती. काकांनी तुमच्यासाठी केली होती, तुमच्यासाठी लिहिलं होतं त्यावर!"

ते टेबलाला धरून हळूहळू खाली बसले. मला वाटलं, आता म्हणतील चुकलं, विसरलो. मी तेही मान्य केलं असतं. माझ्या मनात त्यांच्यासाठी सबबी तयार होत्या, एकही मागितली नाही त्यांनी.

"दादाने शाईने लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

मग म्हणाले, "चिठ्ठी वाचली मी."

"वाचली? आणि तरी पुसलंत?"

"हो."

"म्हणजे काठी कोणाची हेही माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग का?"

"ते माझं मी बघेन."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकोणीस वर्षं गेली, माणूस गेला, तुमचा राग जात नाही, असं काहीतरी. शेवटी ते म्हणाले, "काय लिहिलं होतं?"

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"नाही."

न वाचताच पुसलं! वाचून पुसलं असतं तर एक वेळ समजलं असतं. "मग तुम्हाला कळणारच नाही," मी म्हटलं आणि दार आपटून आले. पहिला शब्दसुद्धा सांगितला नाही. सांगणारही नाही.

१९ ऑक्टोबर

काहीच बोलणं नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. चहा घेऊन खिडकीशी बसून राहिले, बाहेर काहीही नसताना.

२२ ऑक्टोबर

कारखाना माझ्या पद्धतीने लावायला घेतला. दोन वर्षं त्यांच्या अडगळीत काम केलं, आता पुरे. कानशी भिंतीला टांगल्या. सरसाचं भांडं खाली, वार्निशच्या बाटल्या उंचीप्रमाणे, स्पिरिटचा दिवा डावीकडून उजवीकडे, रेशमाची रिळं रंगांप्रमाणे. बघणाऱ्याला वाटेल, आता हा खरा कारखाना.

बाबा दारात उभे होते. "सगळं हलवलंस?"

"हो. मला असं बरं पडतं."

"माझी अर्धगोल कानस कुठेय?"

"तिथेच टांगलीये, भिंतीवर."

ते आत आले नाहीत. गेले आणि अंगणात बसून राहिले. रुसले. सत्तरीत लहान मुलासारखं रुसून बसतात. मास्तर म्हणाले, "जरा सबुरीने घे. चोर सोडून संन्याशाला फाशी देत नाहीयेस ना, बघ." मी म्हटलं, चोराने स्वतः कबूल केलंय. ते म्हणाले, "म्हणूनच. मी इतकी वर्षं शाळेत आहे. इतक्या पटकन कबूल करणाऱ्या मुलाने ते केलेलं नसतं, किंवा त्याहून मोठं काहीतरी झाकायचं असतं." ह्यांना सगळीकडे वर्गच दिसतो.

पण आडवी पडले तरी तो विचार गेला नाही. ह्याहून मोठं काय असणार?

२४ ऑक्टोबर

बाबांचा हात भाजला. जोड सैल करायला दिवा पेटवला होता मी, आणि पाणी आणायला आत गेले तेवढ्यात हे कारखान्यात आले. आणि तळवा सरळ ज्योतीवर ठेवला. सरळ! किंचाळले नाहीत, नुसता श्वास ओढला. मी धावत आले.

"लक्ष कुठे असतं? एवढा पेटलेला दिवा दिसत नाही का?"

"दिसतो की," म्हणाले.

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण वही कोणासाठी आहे? मला वाटलं, हे मुद्दाम. मला अपराधी वाटावं म्हणून. मी हात पाण्याखाली धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. किती हलका झालाय हात. बोटांची टोकं मात्र कातड्यासारखी. पट्टी बांधताना ते पुन्हा म्हणाले, "काय लिहिलं होतं गं? पहिला शब्द तरी?"

जिभेवर आला होता. गिळला.

२६ ऑक्टोबर

काकूचा फोन. "झाली का गं?" मी म्हटलं, ये. बाबांना सांगितलं की परवा काकू येणार आहे आणि तुम्ही काय केलंत ते तुम्हीच सांगायचं, मी मध्ये पडणार नाही. "बरं," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "चहाच्या वेळी येईल?" होय म्हटलं. "बाहेरच्या खोलीत बसवू या. तिथलं काही हलवू नकोस."

काय पण काळजी! कसं सांगायचं ह्याची नाही, खुर्च्यांची.

२८ ऑक्टोबर

ऊन उतरता उतरता काकू आली. नवीन साडी, घडीच्या खुणा अजून दिसत होत्या. बाबा आधीच बाहेरच्या खोलीत भिंतीशी उभे होते, भाजका हात पाठीमागे. काठी टेबलावर होती, पुसल्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नव्हता. काकू त्यांच्यासमोरच्या वेताच्या खुर्चीत बसली. खुर्ची करकरली.

"बारीक झालात, भावोजी."

"तुम्हीही थकलात, वहिनी," बाबा म्हणाले. "आवाज थकलाय."

"वाचलंत?"

मी दाराशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"वाचलं नाही. वार्निश उतरवलं, त्यात गेलं. मीच उतरवलं."

काकूला आधी कळलंच नाही. मग तिने काठी उचलली, मुठीवरून बोट फिरवलं, पदराने पुसल्यासारखं केलं, जणू अक्षरं धुळीखाली असतील.

"तुम्ही? नियम शिकवणारे तुम्ही?"

"हो."

"रागाने?"

बाबा गप्प.

"बोला की! एवढं तरी बोला. मी परत जाऊन ह्यांच्या फोटोला काय सांगू?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा एकदाचं, संपवा. काकूने काठी ठेवली. तिचं तोंड इतकं लहान झालेलं मी काका गेले त्या दिवशीही बघितलं नव्हतं. ती आवाज न करता उठली, चपलांकडे गेली. अनवाणी पावलांचा आवाज होत नाही, सतरंजी आहे. दारापाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझा दंड धरून एक पाय चपलेत सारायला लागली.

तेवढ्यात बाबा बोलले. वेताच्या खुर्चीकडे बघून, अगदी सावकाश, समोर माणूस बसलंय अशा थाटात.

"वहिनी, रागाने नाही. ऐका. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. मला दिसत नाही."

खुर्ची रिकामी होती.

काकूचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. आम्ही दोघी हललो नाही. बाबा त्या खुर्चीला सांगत राहिले. "कडेकडेचं कळतं. उजेड, माणसाचा आकार. समोर बघायला गेलं की मध्ये राख. अक्षर जाऊन दोन महिने होतील. काठी दादाची आहे हे अंगठ्याला लगेच कळलं. म्हटलं, ही पोरगी येईपर्यंत आपण आपल्या हाताने उजळू. शेवटची. दादाच्या काठीवर शाई असेल असं कोण म्हणेल, तुम्हीच सांगा. चिठ्ठी होती म्हणे. असेल. भिंत मला सगळी सारखीच." थांबले. "राग होता असं वाटलं तर वाटू दे म्हटलं. रागीट माणसाची हत्यारं कोणी काढून घेत नाही. पण तुम्ही दादाला जाऊन सांगाल की धाकट्याने रागाने पुसलं, ते मला नाही चालणार."

काकूने चपलेतला पाय काढला. हळूच जाऊन त्याच खुर्चीत बसली. खुर्ची पुन्हा करकरली, आणि बाबांना कळलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मला इथे स्वतःबद्दल काहीतरी लिहायला हवं. दिवा, कानशी, भिंत. आज नाही जमणार.

मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि म्हटलं, "बाबा, पहिला शब्द 'धाकट्यास' होता. पुढचं मलाही वाचता आलं नाही. आईशप्पथ. एक वेलांटी होती, एक लांब काना."

"धाकट्यास," ते म्हणाले. "बरं." मग, "केवढं होतं सगळं?"

काकूने काठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा अंगठा धरून मुठीच्या कडेला टेकवला, आणि आपली चार बोटं त्याच्यापुढे जुळवून ठेवली. "इथून इथपर्यंत. एवढं."

"चार बोटं! दादा एवढं बोलायचा तरी कुठे?"

"लिहायला तीन दिवस लागले. दोन दिवस नुसते कागदावर. लिहायचे, शेगडीत टाकायचे. तिसऱ्या दिवशी काठीवर."

"तीन दिवस?"

"तीन."

बाबांनी मान हलवली. अंगठा काकूच्या बोटांना लागून तसाच. "शिवी द्यायला दादाला कधी तीन दिवस लागले नाहीत, वहिनी. तीन क्षण पुरायचे."

काकू फस्सकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. मी चहा ठेवायला उठले. आत जाता जाता बाबांचं विचारणं ऐकू आलं, अगदी बारीक आवाजात, मी कधी न ऐकलेल्या.

"लिहिताना तो कसा दिसत होता हो?"

काकूने पदर तोंडावरून काढला.

"माझ्याकडे पाठ होती, भावोजी. पण पाठ हलत होती."